जमिनीचा जमाखर्च मांडणारे जोतीराव

बारामती तालुक्यातील सुपे परिसरात किंवा इंदापूर तालुक्यातील कालव्यापासून दूर राहिलेल्या गावांत खरिपातील मक्याची पेरणी झाली, की शेतकऱ्याची नजर दोन गोष्टींवर खिळते. एक आभाळ आणि दुसरी घराच्या पडवीत ठेवलेली खताची गोणी. पीक गुडघाभर वाढले, की त्याला नत्राची भूक लागते. गोणी घरात असते. पण जमिनीत ओल नसते. ओलीवाचून युरिया फेकला, तर या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतून त्यातील बराचसा नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. पावसाची वाट पाहावी, तर पिकाची वेळ टळून जाते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या टापूत वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचाही भरवसा नसतो.

जमिनीत खत घालणे आणि जमिनीत खत टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरडवाहू जमिनीची सुपीकता कोणत्या वाटांनी निघून जाते आणि ती परत कशी आणता येईल, याचा विचार युरियाची गोणी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी याच पुणे जिल्ह्यात झाला होता. तो करणारे होते महात्मा जोतीराव फुले. मुलींसाठी शाळा काढणारे शिक्षणतज्ज्ञ आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. शेतीचा जाणकार म्हणून असलेली त्यांची ओळख मात्र काहीशी मागे राहिली.

कटगुण, खानवडी, पुणे

फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. साताऱ्याजवळच्या खटाव तालुक्यातील कटगुण हे त्यांचे मूळ गाव. जोतीरावांचे पणजोबा तेथे चौगुल्याचे काम पाहत. गावच्या कुलकर्ण्याशी झालेल्या वैरातून त्यांना गाव सोडावे लागले आणि हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे येऊन राहिले. पुरंदरचा हा भाग पूर्वेकडे बारामतीच्या जिरायत पट्ट्याला भिडतो. कमी पावसाचा, माळरानाचा आणि मेंढपाळांच्या वाटांचा हा मुलूख. जोतीरावांचे आजोबा शेटीबा कर्जात बुडाले आणि गावची शेती सोडून पुण्याला आले. कर्जापायी जमीन सुटण्याचा अनुभव या घराण्याच्या गाठी असा आधीपासूनच होता.

पुण्यात शेटीबांच्या मुलांनी फुलांचा व्यवसाय उचलला. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरवता पुरवता गोऱ्ह्यांचे फुले झाले आणि त्यांना पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली. ती पुढे थोरल्या भावाने एकट्यानेच बळकावली. धाकटे गोविंदराव भाजीपाल्याच्या व्यापारावर आणि थोड्या शेतीवर संसार चालवू लागले. त्यांच्या आणि चिमणाबाईंच्या पोटी ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला. आई लवकरच वारली.

मराठी शाळेत प्राथमिक शिक्षण झाल्यावर गोविंदरावांनी लोकांच्या सांगण्यावरून मुलाला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. कोवळ्या वयात जोतीरावांनी नांगर, मोट आणि खुरपे हाताळले ते असे. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. या वेळी ती स्कॉटिश मिशनची इंग्रजी शाळा होती. त्यामुळे मातीचे काम आणि पुस्तकाचे ज्ञान या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे एकाच वयात आल्या. त्या काळात असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येत असे.

१८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाईंनी तेथे शिकवण्याचे काम अंगावर घेतले. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत अस्पृश्यांसाठी शाळा, विधवांसाठी प्रसूतिगृह, घरातला पाण्याचा हौद सर्वांना खुला करणे आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना अशी कामे उभी राहिली. त्याच काळात पुण्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू तालुके पेटण्याच्या बेतात होते.

इंदापूरची मोजणी आणि सुप्याचा उठाव

इंग्रजी अंमलातील जमीन महसुलाच्या इतिहासात इंदापूर तालुक्याला विशेष स्थान आहे. पेशवाई संपल्यावर प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनींची मोजणी करून जे सारे ठरवले, ते या तालुक्याला पेलले नाहीत. शेतकऱ्यांनी जमिनी टाकून दिल्या आणि शेते ओस पडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूरपासूनच नव्याने मोजणी सुरू केली आणि तीस वर्षांच्या मुदतीने हलका सारा बांधून दिला. ही पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली.

तीस वर्षांची मुदत संपताच फेरआकारणीचा प्रारंभही इंदापूरपासूनच झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव तेव्हा चढलेले होते. त्या तेजीच्या भरात सारा वाढवला गेला. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र तसाच राहिला. तो भरण्यासाठी शेतकरी सावकाराकडे गेला. सावकाराच्या वहीतला आकडा वाढत गेला आणि दिवाणी कोर्टाच्या हुकुमाने जमिनी सावकाराच्या नावावर चढू लागल्या.

१२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात या असंतोषाचा भडका उडाला. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले आणि आताच्या बारामती तालुक्यातले हे गाव. शेतकऱ्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने गाठून कर्जाचे दस्तऐवज हिसकावले आणि जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कागदावरच्या कर्जाचा विचार त्यामुळे सुरू झाला. जमिनीतून वर्षानुवर्षे जे काढून घेतले जात होते आणि परत दिले जात नव्हते, त्या कर्जाची नोंद मात्र कोणत्याच वहीत नव्हती. ती जोतीरावांनी केली.

खडकवासल्याचा कंत्राटदार, मांजरीचा शेतकरी

जोतीरावांचा चरितार्थ शाळांवर चालत नव्हता. ते बांधकामाचे साहित्य पुरवत, कंत्राटे घेत. खडकवासला धरणाच्या बांधकामाला त्यांनी साहित्य पुरवले. दगड, चुना आणि मजूर यांच्या निमित्ताने इंजिनिअर खात्याचा कारभार त्यांनी जवळून पाहिला. पाणी अडवण्याची विद्या काय करू शकते, हे त्यांच्या लक्षात आले आणि खात्यातील ढिलाई व लाचखोरीही त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

धरणाचे पाणी कालव्याने आले, तेव्हा जवळपासचे पुष्कळ शेतकरी ते घ्यायला कचरत होते. पाणीपट्टीचे भय होते आणि बागायतीची सवय नव्हती. जोतीरावांनी मांजरी येथे जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. तेथे ऊस आणि भाजीपाला पिकवला. ज्याविषयी लिहायचे, ते आधी हाताने करून पाहायचे, हा त्यांचा स्वभावच होता.

कालव्याच्या पाण्याचे वाटप नीट होत नाही, ही त्यांची तक्रार राहिली. कोणाच्या शेतात पाणी मुरून वाया जाते आणि कोणाचे पीक ऐन वेळी वाळते, हे त्यांनी पाहिले होते. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या गरजेप्रमाणे तोटीने मोजून पाणी द्यावे, अशी सूचना त्यांनी पुढे केली. बारामती आणि इंदापूरच्या शिवारांत आज पसरलेल्या ठिबकच्या नळ्या पाहिल्या, म्हणजे त्या सूचनेचे मोल ध्यानात येते.

दुष्काळाची शिकवण

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळून निघाला. जनावरे चाऱ्यावाचून मेली आणि माणसे गावे सोडून निघाली. सत्यशोधक समाजाने मदतीचे आवाहन केले आणि धनकवडी येथे निराश्रित मुलांसाठी बालाश्रम चालवला. सावित्रीबाईंनी या कामात स्वतःला झोकून दिले.

दुष्काळात जनावर मेले, की शेतकऱ्याचे नुकसान दुहेरी होते. नांगराला बैल उरत नाही आणि उकिरड्याला शेण उरत नाही. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तरी जमीन रिकामी असते. एका वर्षाचा दुष्काळ असा तीन-चार वर्षांच्या पिकांना पुरतो. कोरडवाहू शेतीतील ही साखळी जोतीरावांनी डोळ्यांनी पाहिली. निरा डावा कालवा या दुष्काळानंतरच्या दशकात तयार झाला आणि १८८५ च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या दक्षिण भागाला पाणी मिळू लागले. कालव्याच्या वरच्या अंगाचा मोठा प्रदेश मात्र पावसावरच राहिला.

सुपीकता कोठे जाते?

जुलै १८८३ मध्ये जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. भटभिक्षुकांकडून होणारी नाडणूक, गोऱ्या अधिकाऱ्यांचा आळस, काळ्या अंमलदारांची लाचखोरी यांवर त्यात कोरडे ओढलेले आहेत आणि ग्रंथाची कीर्ती मुख्यतः त्यामुळेच आहे. तथापि त्याच्या अखेरच्या दोन प्रकरणांत शेतीच्या दुरवस्थेची कारणमीमांसा आणि तिच्यावरचे उपाय आहेत. ती प्रकरणे आजच्या जिरायत शेतकऱ्याने मुद्दाम वाचावीत अशी आहेत.

जोतीरावांच्या प्रतिपादनानुसार जमीन नापीक होण्याची कारणे अनेक होती. पूर्वी जमीन मुबलक होती आणि शेतकरी आळीपाळीने शेते पड टाकून त्यांना विसावा देत असे. लोकसंख्या वाढली, शेते लहान झाली आणि ही सोय संपली. डोंगरांवरील झाडांचा पालापाचोळा आणि पशुपक्ष्यांची विष्ठा पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत उतरत असे आणि शेताला आपोआप खत मिळत असे. रान उजाड झाल्याने तो पुरवठा आटला. जंगल खात्याने गायराने आणि डोंगर बंद केले. चराई गेली, म्हणून जनावरे कमी झाली आणि जनावरे कमी झाली, म्हणून शेणखत कमी झाले. भरीला बांधबंदिस्ती नसल्याने जोराच्या पावसात शेताचे उरलेसुरले सत्त्व ओढ्यानाल्यांतून वाहून जात होते.

उपायही त्यांनी असेच नेमके सांगितले. डोंगरउतारांवर आणि शिवारांत ताली व बंधारे घालावेत आणि पाणी आधी जमिनीत मुरवावे. या कामाला सरकारने रिकाम्या वेळेत पलटणी व पोलिसांतील माणसे लावावीत. तळी, तलाव, धरणे बांधावीत. नदीनाले आणि तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा. गायराने गावांना परत करावीत. परदेशांतून उत्तम जातीच्या शेळ्यामेंढ्या आणून त्यांची पैदास वाढवावी, म्हणजे लोकर मिळेल आणि लेंडी-मुताचे खतही मिळेल. शेतीची प्रदर्शने भरवून चांगली मेहनत करणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीची विद्या शिकवावी.

या यादीतला मेंढ्यांचा मुद्दा बारामती-इंदापूरच्या वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. धनगरांचे कळप शेतात बसवण्याची रीत या भागात जुनी आहे. कळप रात्रभर बसला, की लेंडी आणि मूत्र जागच्या जागी जमिनीत मिसळते. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. ज्या रानात गाडीने शेणखत नेणे परवडत नाही, तेथे खत आपल्या पायांनी चालत येते.

युरोपात त्या काळी सुपरफॉस्फेट शेतात पडू लागले होते. परंतु हवेतील नत्रापासून अमोनिया बनवणारा पहिला मोठा कारखाना जर्मनीत १९१३ मध्ये सुरू झाला. दख्खनच्या शेतकऱ्यापुढे १८८३ मध्ये शेण, लेंडी, पाला आणि गाळ एवढाच खताचा साठा होता. जोतीरावांचा विचार त्यामुळे साठा वाढवण्याइतकाच गळती थांबवण्यावर केंद्रित झाला. पुढे १८८९ मध्ये इंग्लंडहून आलेल्या डॉ. व्होल्कर या कृषिरसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानभर फिरून १८९३ मध्ये अहवाल दिला. सरपण मिळत नसल्याने शेण चुलीत जळते आणि म्हणून जमिनीला खत मिळत नाही, हे त्याने त्यात ठळकपणे मांडले. रान, जनावर आणि शेत यांचा हा संबंध जोतीरावांनी प्रयोगशाळेवाचून दहा वर्षे आधी दाखवून दिला होता.

मक्याच्या शेतातील हिशेब

आज हा हिशेब मक्याला लावून पाहिला, तर तो अधिकच कडक ठरतो. मका हे खादाड पीक आहे. बागायती मक्यासाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस केली जाते. नत्राचे तीन हप्ते पाडले जातात; पहिला पेरणीच्या वेळी, दुसरा महिन्याने आणि तिसरा पीक तुऱ्यावर येण्याच्या आधी. पाण्याची खात्री असेल, तेथे हे वेळापत्रक पाळता येते. जिरायतीत मात्र ओल पाहूनच हप्ता ठरवावा लागतो. पेरणीचे खत बियाण्याला चिकटून पडले आणि जमीन कोरडी राहिली, तर क्षारांमुळे कोंब करपतो. म्हणून ते बियाण्याच्या बाजूला आणि थोडे खोल पेरून देणे हिताचे असते. वरखत पावसानंतर वाफशावर द्यावे आणि लगेच कोळपून मातीआड करावे.

हे सारे साधते ते जमिनीत सेंद्रिय अंश असेल तरच. शेणखताने जमिनीची पाणी धरण्याची ताकद वाढते आणि विरघळलेले नत्र मुळांपाशी थांबते. या टापूतील अनेक जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी आढळतो. अशा जमिनीत गोणी ओतणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

बारामती-इंदापूर भागात दुधाचा धंदा वाढला आणि मका दाण्याबरोबरच मुरघासासाठीही लावला जाऊ लागला. दाण्यासाठी घेतलेल्या मक्याचे धाट आणि पाला काही अंशी तरी शेतात राहू शकतो. मुरघासासाठी हिरवे पीक बुडापासून कापून नेले जाते आणि नत्राबरोबर सगळा पालाशही शेताबाहेर जातो. गोठ्यातले शेण त्याच शेतात परत आले, तर हिशेब जुळतो. मुरघास विकला आणि शेणही विकले, तर शेत दर हंगामाला कर्जात उतरते. सुप्याच्या शेतकऱ्यांनी जाळलेल्या वहीत निदान आकडा दिसत तरी होता. हे कर्ज डोळ्यांना दिसत नाही. ते एखाद्या कमी पावसाच्या वर्षी पिवळ्या पडलेल्या पानांतून आणि अर्धवट भरलेल्या कणसांतून वसूल होते.

अखेरची वर्षे

असूडातील सुरुवातीचा भाग दीनबंधू पत्रात छापून आला. परंतु संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो पुढे छापला नाही. लोखंडे जोतीरावांचे सहकारी असल्याने ही गोष्ट त्यांना विशेष लागली. बडोद्याला जाऊन त्यांनी हा ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना ऐकवला. संपूर्ण ग्रंथ मात्र त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. ज्या शेतकऱ्यासाठी तो लिहिला, त्याच्या हाती तो वेळेवर पोहोचलाच नाही.

१८८८ च्या मार्चमध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. जोतीराव तेथे मुंडासे, घोंगडी आणि फाटकी वहाण अशा कुणब्याच्या वेशात गेले. नटूनथटून आलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत खेड्यांत आहे, हे त्यांनी राजपुत्राला ऐकवले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढच्या दोन महिन्यांतच त्यांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू निकामी झाली. मग डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी सुचवलेल्या गोष्टी पुढे एकेक करून सरकारी योजनांत आल्या. दुष्काळी कामांतून बांधबंदिस्ती झाली, पाझर तलाव झाले. राज्य सरकारने २०१७ मध्ये धरणातील गाळ शेतात नेण्याची योजना सुरू केली. बारामती तालुक्यातील माळेगाव येथे पाणी, उष्णता आणि जमीन यांच्यामुळे पिकांवर येणाऱ्या ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून उभी आहे. फरक इतकाच, की या गोष्टी सुट्या सुट्या आल्या. जोतीरावांच्या विचारात त्या एका दाव्याला बांधलेल्या होत्या. रान, जनावर, शेत, पाणी आणि शेतकऱ्याचे शिक्षण यांतील एक जरी निसटले, तरी बाकीच्यांचा उपयोग अर्ध्यावर येतो, हे त्यांनी ओळखले होते.

सुपे परगण्यातल्या एखाद्या रानात आजही पहिल्या पावसानंतर मक्याच्या ओळी हिरव्या दिसू लागतात. पडवीतली गोणी उघडण्यापूर्वी शेतकऱ्याने आपल्या बांधाकडे, उकिरड्याकडे आणि शेताबाहेर गेलेल्या पेंढ्यांच्या मोजणीकडे एकवार पाहिले, तर जोतीरावांच्या त्या न छापल्या गेलेल्या पानांचे सार्थक होईल.